यात तुमचं स्वतःचं काय?

कॉलेजच्या कचेरीत पंचवीस वर्षं काढली की दोन गोष्टी साचतात, फायली आणि किस्से. फायलींना निदान वाळवी लागते. किस्से आहेत तसेच राहतात, आणि एकाला हात लावला की वरचे चार अंगावर येतात.

मी झाशीतल्या एका डिग्री कॉलेजात अंतर्गत मूल्यांकनाच्या खिडकीवर बसतो. मुलं असाइनमेंट आणून देतात, मी शिक्का मारतो, क्रमांक घालतो, गठ्ठा बांधून सरांकडे पाठवतो. कोण काय बोललं ते घरी येऊन डायरीत टिपतो. आमच्या खंडेराव गेटजवळच्या घरात मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, त्यामुळे डायरीतही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. एरवी त्यात गमतीचंच जास्त असतं. गेल्या वर्षीची पानं उलटताना मात्र अजून माझे कान तापतात. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. मला येत नाही.

०

वरून आदेश आला की मुलांनी असाइनमेंटसाठी एआयची मदत घेतली असेल तर तसं लेखी कळवायचं. आदेश चांगला होता, हे मी आजही म्हणतो. पुस्तकातून घेतलं की आपण पुस्तकाचं नाव देतो, तसंच हे. त्यासाठी फॉर्म तयार करायचं काम समाजशास्त्राच्या त्रिपाठी सरांकडे गेलं.

दहा मिनिटांत त्यांचा मसुदा व्हॉट्सॲपवर माझ्याकडे आला, टाइप करायला. चार प्रश्न होते. एआय वापरलं का? कोणतं? त्याला काय विचारलं? आणि चौथा, यात तुमचं स्वतःचं काय? हा चौथा प्रश्न वाचून मी मनात म्हटलं, वा! सरांना बरं सुचलं!

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. “चाहें तो मैं इसे और सख़्त भाषा में लिख दूँ?”

मी मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. म्हटलं, “सर, ये आख़िरी लाइन भी टाइप करनी है?”

सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. जराही ओशाळले नाहीत.

“अरे नहीं पुराणिक जी, वो हटा दो.” मग जरा विचार करून म्हणाले, “वैसे सख़्त वाला भी मँगवा ही लेते हैं!”

पाच मिनिटांत सख्त फॉर्म आला. प्रश्न तेच चार, फक्त खाली ठळक अक्षरांत भर पडली होती, ‘झूठी घोषणा पर कठोर कार्रवाई होगी.’

०

पहिल्या दिवशी खिडकीवर जे फॉर्म आले त्यांत पहिल्याच रकान्यात ‘नहीं’ होतं. इथवर ठीक. पण प्रत्येक ‘नहीं’ एकाच वळणाचं! न थोडा डावीकडे कललेला, अनुस्वार रेघेच्या बाहेर. मी दहा फॉर्म एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. दहाही ‘नहीं’ तंतोतंत एकमेकांवर बसले.

कॉलेजच्या फाटकासमोर पप्पू भैयाचं फोटोस्टॅटचं दुकान आहे. जेवणाच्या सुट्टीत फॉर्म घेऊन तिथे गेलो.

“पप्पू, ये क्या है?”

“फॉर्म है, बाबूजी.”

“भरा हुआ?”

“कोरा देते थे तो बच्चे यहीं काउंटर पे खड़े होके भरते थे, भीड़ लग जाती थी. तो हमने एक भरा हुआ लिया, नाम पे सफ़ेदा मारा, और छाप दिया. सबको यही तो लिखना है!”

 मी शांतपणे विचारलं, “और ‘हाँ’ वाला फॉर्म भी रखते हो?”

पप्पूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे पेट्रोल मागितलंय.

“उसकी डिमांड ही नहीं है, बाबूजी!”

०

आमच्याकडे असाइनमेंट हातानेच लिहून द्यायची पद्धत आहे. मथळे काळ्या शाईत, मजकूर निळ्या शाईत, समास पट्टीने आखलेला. छापील कागद दिला तर परत जातो. यामागची समजूत अशी की हाताने लिहिलं म्हणजे ते आपलंच झालं.

त्या सहामाहीला सरांनी बी.ए.च्या वर्गाला विषय दिला होता, ‘गरौठा तहसील का एक तालाब’. जा, बघा, लोकांशी बोला, लिहा. वर्गात त्रेसष्ट मुलं. त्यांतल्या एकाची असाइनमेंट घेताना माझी नजर मथळ्यांवर अडकली. प्रत्येक मथळ्याच्या आधी दोन आणि नंतर दोन चांदण्या. काळ्या शाईत, एकसारख्या, प्रत्येकीला मोजून सहा पाकळ्या! मोबाइलवर एआयचं उत्तर दिसतं तेव्हा कधी कधी मथळ्याला अशा खुणा लागून येतात. या पठ्ठ्याने मोबाइल समोर ठेवून त्यासुद्धा उतरवल्या होत्या. अकरा पानं!

विचारलं, “ये तारे काहे के हैं?”

“डिज़ाइन है, बाबूजी.”

आत लिहिलं होतं की तलावाकाठी देशोदेशीचे पर्यटक येतात आणि संध्याकाळी नौकाविहाराचा आनंद घेतात. फॉर्मवर अर्थातच पप्पूचं ‘नहीं’.

आठवड्याने गठ्ठा तपासून आला. चांदण्यांवाल्याला वीसपैकी अठरा. सरांचा शेरा, “सुंदर प्रस्तुति!”

०

आता घरचं सांगतो. दुसऱ्यांचीच लक्तरं दाखवली तर डायरी कशाला लिहायची?

माझी मुलगी मुक्ता याच वर्गात. असाइनमेंट द्यायच्या आदल्या दिवशी तिचा फॉर्म फडताळाच्या खणात ठेवलेला दिसला. पहिल्या रकान्यात ‘नहीं’. पप्पूचं नाही, तिच्या स्वतःच्या अक्षरातलं. म्हणजे दुप्पट खोटं.

“मुक्ता, दुपारी तू त्या मोबाइलशी तासभर बोलत होतीस ना? ‘इसको आसान करो, इसको छोटा करो’ म्हणत होतीस.”

“बाबा, ते तर समझने के लिए! लिहिलं तर मीच ना!”

“मग तसंच लिही की. समजून घ्यायला वापरलं, लिहिलं मी.”

“तुम्ही पण ना, बाबा! हाँ लिहिलं की सर शून्य देतात.”

“कोणाला दिलं आत्तापर्यंत?”

मुक्ता हसायला लागली. “अजून कोणालाच नाही. कोई हाँ लिखेगा तब ना देंगे!”

तिचं हसणं मला झोंबलं. पण दुसऱ्या दिवशी खिडकीवर तिचा फॉर्म आला तेव्हा मी त्याच्यावरही शिक्का मारला, क्रमांक घातला आणि गठ्ठ्यात ठेवून दिला. त्या दिवशीच्या डायरीत फक्त तो क्रमांक आहे. पुढे काही लिहवलं नाही.

०

गठ्ठा बांधायच्या बेतात होतो, तेवढ्यात खिडकीशी एक मुलगी आली. कुसुम. गरौठ्याच्या बाजूची, कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात राहते.

“बाबूजी, जा खाने में जगा कम पर रई. पन्ना जोड़ दें?”

पंचवीस वर्षांत फॉर्मात जागा कमी पडल्याची तक्रार मी पहिल्यांदा ऐकली! बघतो तर पहिल्या रकान्यात ‘हाँ’. दुसऱ्यात टूलचं नाव. तिसऱ्यात पाच प्रश्न, जसे विचारले तसे, आणि प्रत्येकापुढे उत्तर आणि ते घेतलं की टाकलं याची नोंद. तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, “इसने कहा कि तालाब में नाव चलती है. झूठ है. भैंसें नहाती हैं. काट दिया.”

आणि चौथा रकाना, यात तुमचं स्वतःचं काय? तिथे एवढंच, “तालाब हमारे गाँव का है. हम देखके आए हैं.”

मी पान जोडून दिलं, टाचणी माझ्याच डबीतली लावली. इतका नीट भरलेला फॉर्म मी सरकारी ऑडिटमध्येसुद्धा पाहिलेला नाही.

तपासून आलेल्या गठ्ठ्यात कुसुमची असाइनमेंट सगळ्यांत खाली होती. वीसपैकी शून्य. लाल शाईत शेरा, “स्वयं स्वीकार किया है.”

अंतर्गत गुणांत शून्य म्हणजे त्या पेपरात बॅक, पेपर पुन्हा द्यायचा. आणि हॉस्टेलचा नियम असा की एका पेपरातही बॅक लागली की खोली जाते. गरौठ्याहून रोज ये-जा करायची तर दिवसाचे पाच तास बसमध्येच जातील. कुसुम खिडकीशी रडली नाही. गुणांच्या यादीवर आपल्या नावापुढे बोट ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “कमरा गओ तो पढ़ाई गई, बाबूजी.”

०

मी तिची असाइनमेंट आणि चांदण्यांवाल्याची, दोन्ही घेऊन त्रिपाठी सरांकडे गेलो. मी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

“सर, इस लड़की ने नियम के हिसाब से बताया है.”

“तो?”

“तो शून्य कैसे?”

सर खुर्चीत मागे रेलले. “देखिए पुराणिक जी, नियम क्या है? बताना है. उसने बताया, हमने कार्रवाई की. सिस्टम काम कर रहा है!”

“और जिन बासठ ने नहीं बताया?”

“उनके ख़िलाफ़ सबूत क्या है?”

मी चांदण्यांची अकरा पानं त्यांच्यासमोर पसरली. सरांनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

“ये? ये तो डिज़ाइन है!”

०

कुसुमने प्राचार्यांकडे अर्ज केला. त्यावर समिती बसली. प्राचार्य, त्रिपाठी सर, हॉस्टेलच्या वॉर्डन मॅडम, आणि कागदपत्रं दाखवायला मी.

त्या सकाळी जेवताना मुक्ताला सांगितलं की आज त्रेसष्टच्या त्रेसष्ट फॉर्म समितीपुढे ठेवणार आहे, तुझ्यासकट. तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

“बाबा, मला पण शून्य मिळालं तर?”

“तर मिळेल.”

मुक्ता उठली. ताट उचलून आत गेली. मी चपला घालत होतो तेव्हा दारात येऊन म्हणाली, “माझा सबसे ऊपर ठेवा. बीच में दब जाएगा.”

०

समितीपुढे मी गठ्ठा सोडला. प्राचार्यांनी वरचा फॉर्म उचलला, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“पुराणिक जी, ये तो आपकी बेटी है!”

“जी सर. इसने भी इस्तेमाल किया है, मेरे सामने किया है. लिखा ‘नहीं’ है. आप सबूत माँगते हैं न, तो एक मेरे घर का ले लीजिए. ‘हाँ’ पे शून्य है, तो ‘नहीं’ पे कितना है, ये भी आज लिखवा दीजिए.”

कोणी काही लिहून घेतलं नाही. त्रिपाठी सर खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड बघू लागले. मग कुसुमला आत बोलावलं.

प्राचार्य माणूस वाईट नाहीत. फक्त शांतता हवी असते त्यांना, आणि खरं बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा त्यांना कधीही सोपा जातो. मवाळ आवाजात म्हणाले, “बेटा, तुमने ‘हाँ’ क्यों लिखा?”

“सर, फॉर्म में पूछा था.”

“वो तो ठीक है. पर देखो, सबने ‘नहीं’ लिखा है.”

“सर, सबने तो उसमें नाव भी चलाई है!”

वॉर्डन मॅडमनी तोंडाला पदर लावला. त्रिपाठी सरांना झाडावरून नजर काढावी लागली.

“नाव? कौन सी नाव?” प्राचार्यांनी विचारलं.

मी मोजून ठेवलेच होते. एकतीस असाइनमेंट बाजूला काढल्या आणि पुढे सरकवल्या. म्हैस एकाच असाइनमेंटमध्ये होती.

०

आता निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटचं मोकळेपणाने सांगता येईल. शून्य अजून कागदावर आहे. बासष्टांना कोणी हात लावला नाही, मुक्तालाही नाही. तिने पुढच्या असाइनमेंटला ‘हाँ’ लिहिलं. सरांनी ती असाइनमेंट अजून तपासलेलीच नाही! समितीने ठरवलं की कुसुमने माफीनामा लिहून दिला तर तिला पास होण्यापुरते गुण द्यायचे. माफीनामा आला, पण त्याच्यासोबत आणखी एक कागद आला, आणि त्या कागदाचं काय करायचं हे वर कोणालाच ठरवता येईना. म्हणून फाइल ‘विचाराधीन’ आहे. फाइल बंद होत नाही तोवर हॉस्टेलची खोली काढून घेता येत नाही, हा नियम मी वॉर्डन मॅडमना लेखी दाखवलाय. फाइल माझ्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. मला घाई नाही.

तो कागद कसा आला, ते सांगतो.

समितीची बैठक संपायला आली होती. प्राचार्य म्हणाले, “बेटा, माफ़ी लिख दो, बात ख़त्म.”

कुसुम म्हणाली, “सर, किस बात की माफ़ी लिखें?”

हा प्रश्न त्या खोलीत कोणालाच परवडणारा नव्हता. त्रिपाठी सरांनी खिशातून मोबाइल काढला. “इसको कहाँ समझेगा! रुकिए सर, मैं ही बनवा देता हूँ.” सगळ्यांसमोर त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला आणि बोलले, “एक छात्रा की तरफ़ से माफ़ीनामा, भावुक भाषा में.” अर्ध्या मिनिटात माझा मोबाइल वाजला. “पुराणिक जी, प्रिंट निकालिए.”

मी प्रिंट काढली. पाऊण पानभर होतं. ‘मैं अत्यंत लज्जित हूँ’ इथून सुरुवात, आणि शेवट, ‘मैं वचन देती हूँ कि भविष्य में केवल अपने शब्दों में लिखूँगी.’

कुसुम कागद घेऊन माझ्या खिडकीशी आली. उभ्या उभ्या पूर्ण वाचला. पुन्हा एकदा वाचला. पेन मागितलं, खाली सही केली. मला वाटलं, संपलं.

तिने पेन परत दिलं नाही.

“बाबूजी, एक फॉर्म दे दो.”

“कौन सा?”

“बोई वाला. कोरा.”

कोरे फॉर्म माझ्याकडेच उरलेत, पप्पू ठेवत नाही. एक काढून दिला. खिडकीच्या फळीवर कागद ठेवून तिने सावकाश, एकेक अक्षर काढत भरला, माफीनाम्याला जोडला आणि माझ्यापुढे सरकवला. मी शिक्का मारला. क्रमांक घातला. आवक रजिस्टरमध्ये नोंद केली. मग रीतीप्रमाणे चारही रकाने भरलेत ना, हे तपासलं.

एआय वापरलं का? “हाँ.”

कोणतं? “त्रिपाठी सर के मोबाइल वाला.”

त्याला काय विचारलं? “हमने नहीं, सर ने पूछा. सबके सामने.”

यात तुमचं स्वतःचं काय?

“केवल दस्तख़त.”